काम बदलले तरी आपल्याबरोबर राहणारे लाभ : सांगलीतील नव्या गिग कामगारांसाठी आणि फ्रीलान्सरांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवणारा नोंदणीकृत माथाडी कामगार सकाळी एका अडत्याच्या दुकानात असतो, तर दुपारी दुसऱ्याच्या. त्याचा मालक असा एक नसतो, आणि तरीही त्याचा भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), भरपगारी रजा आणि बोनस यांचा हिशेब एकाच ठिकाणी राहतो, कारण १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने प्रत्येक मालकाला मजुरीशिवाय वेगळी लेव्ही (सक्तीची वर्गणी) माथाडी मंडळाकडे भरायला लावली. हा कायदा ज्यांच्या लढ्यातून उभा राहिला ते अण्णासाहेब पाटील शेजारच्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. ‘पोर्टेबल बेनिफिट्स’ हा शब्द अलीकडे ऐकू येऊ लागला असला, तरी त्यामागची कल्पना आपल्या भागातील हमालांना अर्धशतकाहून अधिक काळ ठाऊक आहे : लाभ मालकाच्या दारात अडकून पडू नये, तो कामगाराच्या नावावर असावा आणि कामगार जाईल तिथे त्याच्याबरोबर जावा.

विश्रामबागेतून कुपवाडपर्यंत पार्सले पोहोचवणाऱ्या मुलाला किंवा मिरजेत घरी बसून पुण्या-मुंबईच्या ग्राहकांसाठी व्हिडिओ संपादन करणाऱ्या मुलीला असे तयार मंडळ अजून मिळालेले नाही. त्यासाठीचा कायदा आला आहे, पण त्याचे लाभ हातात पडेपर्यंत थांबून राहणे परवडणारे नाही, कारण अपघात आणि आजारपण कोणाची वाट पाहत नाहीत. म्हणून आज उपलब्ध असलेल्या निरनिराळ्या योजनांचे तुकडे आपणच जोडून घ्यावे लागतात. ते कोणत्या क्रमाने जोडावेत हे पुढे सांगितले आहे. हा क्रम मी विचार करून ठरवला आहे : आधी ओळख, मग कामाचा पुरावा, मग अपघात व दवाखाना, आणि त्यानंतर म्हातारपण. अनेकजण पेन्शनपासून सुरुवात करतात आणि अपघाताचे संरक्षण मागे ठेवतात, ते मला अगदी चुकीचे वाटते.

पहिले पाऊल : कायद्याच्या नजरेत आपण कोण आहोत ते समजून घ्या

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली. तिच्यात ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ यांची पहिल्यांदाच कायदेशीर व्याख्या झाली. गिग कामगार म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा, आणि ॲपसारख्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून काम घेणारा तो प्लॅटफॉर्म कामगार. ग्राहक आणि कामगार यांना ॲपवरून जोडून देणाऱ्या कंपनीला संहितेत ‘ॲग्रिगेटर’ म्हटले आहे, आणि अशा कंपनीने आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. माथाडीची लेव्ही आणि ही वर्गणी यांतील नाते वाचकाच्या लक्षात येईलच. दोन्हींमध्ये पैसा काम देणाऱ्याकडून येतो आणि कामगाराच्या मजुरीतून कापला जात नाही.

संहितेच्या सातव्या अनुसूचीत ॲग्रिगेटरांचे ९ प्रकार दिले आहेत. प्रवासी वाहतूक आणि खाद्यपदार्थ व किराणा पोहोचवणे हे तर त्यात आहेतच, पण व्यावसायिक सेवा, आरोग्यसेवा, आशय व माध्यम सेवा यांचाही त्यात समावेश आहे. याचा अर्थ असा की, एखाद्या प्लॅटफॉर्मवरून अनुवादाची, डिझाइनची किंवा शिकवणीची कामे घेणारी व्यक्तीही या तरतुदीच्या कक्षेत येऊ शकते. परंतु जो डिझायनर ओळखीतून थेट ग्राहक मिळवतो, त्याच्यासाठी वर्गणी भरणारा ॲग्रिगेटरच अस्तित्वात नसतो. अशा फ्रीलान्सरने स्वयंरोजगार करणारा असंघटित कामगार म्हणून आणि सूक्ष्म उद्योजक म्हणून आपली वाट शोधावी. तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

दुसरे पाऊल : ई-श्रम नोंदणी

असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंद ठेवणारे ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. नोंदणीसाठी आधार क्रमांक, आधारशी जोडलेला मोबाइल आणि बँक खाते एवढेच लागते. नोंदणी स्वतःच्या मोबाइलवरून विनामूल्य करता येते. जमत नसेल तर सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात जावे. ॲपवर काम करणाऱ्यांनी प्लॅटफॉर्म कामगार म्हणूनच नोंद करावी आणि सर्वसाधारण असंघटित कामगाराचा पर्याय निवडू नये, कारण २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ओळखपत्र आणि आयुष्मान भारत योजनेतील उपचार यांची घोषणा झाली ती याच गटासाठी, सुमारे १ कोटी गिग कामगारांना समोर ठेवून. शंका असल्यास १४४३४ हा ई-श्रमचा मदत क्रमांक आहे. नोंदणी करून देतो म्हणून फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तो कधीही सांगू नये.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. ई-श्रम कार्डावर १२ अंकी ‘यूएएन’ (सार्वत्रिक खाते क्रमांक) असतो, आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यालाही १२ अंकी ‘यूएएन’च असतो. नाव आणि अंकांची संख्या सारखी असली तरी हे दोन स्वतंत्र क्रमांक आहेत. पूर्वी कुपवाड एमआयडीसीत किंवा पुण्यातील एखाद्या कंपनीत नोकरी केलेल्या मुलाकडे दोन्ही असतात आणि तो एकाच्या जागी दुसरा लिहून मोकळा होतो. दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर, कशाचा कोणता हे स्पष्ट लिहून ठेवावेत.

तिसरे पाऊल : कामाचा पुरावा स्वतःजवळ ठेवा

या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा सगळा कामाचा इतिहास ॲपमध्ये असतो : किती दिवस काम केले, किती ऑर्डरी पोहोचवल्या, किती पेआउट मिळाला. उद्या त्याचा आयडी बंद झाला, तर तो इतिहासही त्याच्यासाठी बंद होतो. दोन वर्षे उन्हापावसात गाडी चालवलेल्या माणसाच्या हातात त्या दोन वर्षांचा एकही कागद राहत नाही, आणि पुढे कर्ज, विमा किंवा कल्याणकारी योजना यांपैकी कशासाठीही अर्ज करताना त्याला जणू कालच कामाला लागल्यासारखे उभे राहावे लागते.

दिवस मोजण्याला आता कायदेशीर महत्त्वही येत आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या मसुदा नियमांत लाभासाठीची अट एका वर्षात एका ॲग्रिगेटरकडे किमान ९० दिवस, आणि एकाहून अधिक ॲग्रिगेटरांकडे काम केले असल्यास एकूण १२० दिवस, अशी ठेवली होती. एकाच दिवशी तीन ॲपवर काम केले तर ते तीन दिवस मोजावेत, असेही त्यात होते. बांधकाम कामगारांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, कारण त्यांच्या कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला मिळवताना त्यांची किती दमछाक होते हे प्रत्येक गावात दिसते. जो दाखला नंतर मागत फिरावा लागतो, तो आधीपासून साठवणे कितीतरी सोपे असते.

म्हणून दर रविवारी दहा मिनिटे काढून ॲपमधील आठवड्याच्या कमाईचे पान स्क्रीनशॉट घेऊन जतन करावे, आणि ते फक्त मोबाइलमध्ये न ठेवता स्वतःच्या ईमेलवर पाठवावे. कामावर घेतल्याचा संदेश, करारातील अटी, ओळखपत्र आणि आयडी बंद केल्यास त्याचे कारण सांगणारा संदेश हे सारे त्याच ठिकाणी असावे. कमाई एकाच बँक खात्यात घ्यावी. घरखर्चाचे खाते वेगळे ठेवता आले तर उत्तमच. दर तिमाहीला पासबुक भरून घ्यावे. फ्रीलान्सरने प्रत्येक कामाचे क्रमांक घातलेले बिल द्यावे, आणि बोलणे फोनवर ठरले असले तरी त्याच दिवशी ‘आपले असे ठरले आहे’ असा ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश पाठवून ठेवावा. उत्पन्न करपात्र नसले तरी आयकर विवरणपत्र दरवर्षी भरावे, असा माझा आग्रह आहे, कारण पगारपत्रक नसलेल्या माणसासाठी उत्पन्नाचा तोच सर्वमान्य कागद ठरतो.

चौथे पाऊल : अपघात आणि दवाखाना

ॲप कंपन्यांचा अपघात विमा बहुधा लॉग-इन असताना किंवा ऑर्डर चालू असताना घडलेल्या अपघातापुरता असतो, आणि आयडी बंद झाला की तोही संपतो. तो असू द्यावा. परंतु त्याच्यावर विसंबून राहू नये. ऑर्डर संपवून रात्री अकराला घरी परतताना झालेला अपघात त्यात बसेल की नाही, हे विम्याच्या अटी वाचूनच कळते, म्हणून त्या एकदा मागून घ्याव्यात.

आपल्या नावावर राहणारे सर्वांत स्वस्त संरक्षण म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपयांत, १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण आहे. तिच्यात १८ ते ५० वर्षांपर्यंत प्रवेश घेता येतो आणि हप्ते चालू ठेवल्यास ते ५५ वर्षांपर्यंत टिकते. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि हप्ता बँक खात्यातून आपोआप वळता होतो. नेमके इथेच लोक फसतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात ४५६ रुपये नसले की विमा बंद पडतो आणि माणसाला ते महिनोन्‌महिने कळत नाही. दुसरी चूक म्हणजे तीन बँकांत तीन खाती आहेत म्हणून तिन्हीकडे हप्ता भरणे. दावा एकाच विम्याचा मिळतो, बाकीचे पैसे वाया जातात.

दुचाकीचा विमा काढताना मालक-चालकाचे १५ लाखांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण मिळू शकते, आणि डिलिव्हरीच्या कामात त्याचे मोल मोठे आहे. मात्र त्याच्या नावातच अट आहे : गाडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर असावी आणि त्याच्याकडे वैध परवाना असावा. मोठ्या भावाच्या किंवा वडिलांच्या नावावरची गाडी घेऊन काम करणारी मुले आपल्याकडे थोडी नाहीत, आणि त्यांना हे संरक्षण लागू होत नाही. खासगी गाडी डिलिव्हरीसाठी वापरणे विमा कंपनीला मान्य आहे का, हेही लेखी विचारून घ्यावे.

आजारपणासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची एकत्रित सोय आहे. पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. ही योजना ठरवून दिलेल्या शस्त्रक्रिया आणि भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे; सर्दी-तापाच्या तपासणीसाठी किंवा औषधाच्या दुकानातील बिलासाठी ती नाही. मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव हाताशी असणे हे आपल्या जिल्ह्याचे भाग्य आहे, परंतु प्रत्येक रुग्णालय योजनेत असतेच असे नाही. भरती होण्यापूर्वीच ‘आरोग्यमित्र कुठे बसतात’ हे विचारावे. योजनेतील रुग्णालयात हा माणूस नेमलेला असतो आणि मंजुरीची कागदपत्रे त्याच्यामार्फत जातात. उपचार होऊन बिल भरल्यावर योजना आठवून उपयोग होत नाही. आयुष्मान कार्ड आधीच काढून ठेवावे आणि रेशनकार्डात आपले नाव आहे ना, हे पाहावे. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी झाले पण सासरच्या कार्डात चढले नाही, अशा स्त्रियांची मोठी अडचण होते.

प्रसूतीच्या काळात फ्रीलान्सर किंवा गिग काम करणाऱ्या स्त्रीला भरपगारी रजा देणारा कोणी नसतो. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात, आणि ई-श्रम कार्ड हा त्यासाठीच्या पात्रतेचा एक पुरावा मानला जातो. अर्ज अंगणवाडी किंवा आशा सेविकेमार्फत, बाळाच्या जन्मानंतर २७० दिवसांच्या आत करावा. रक्कम तुटपुंजी आहे, आणि या बाबतीत कायद्याने गिग काम करणाऱ्या स्त्रियांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे मला मनापासून खटकते.

पाचवे पाऊल : जुनी नोकरी सोडली असेल तर तिचा पीएफ मोडू नका

नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू करणारे बहुतेकजण पहिल्या तंगीच्या महिन्यात पीएफ काढून घेतात. तरुण सभासदाच्या खात्यावर नोकरी सुटल्यानंतरही व्याज जमा होत राहते, हे त्यांना ठाऊक नसते. त्याहून महत्त्वाची आहे पेन्शनची बाजू. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते. समजा, एखाद्याची सेवा ६ वर्षांची झाली आहे. त्याने पेन्शनची रक्कम काढून घेतली, तर ती ६ वर्षे पुसली जातात. पण त्याऐवजी फॉर्म १०-सी भरून योजना प्रमाणपत्र घेतले, तर पुढे कधी पुन्हा नोकरी लागल्यास तीच ६ वर्षे नव्या सेवेत मिळवता येतात. आपल्याबरोबर चालणाऱ्या लाभाचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही, आणि तरीही हे प्रमाणपत्र मागणारे लोक विरळाच.

सहावे पाऊल : म्हातारपणाची तजवीज

वय १८ ते ४० आणि महिन्याचे उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल, तर प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना पाहावी. तिच्यात ६० वर्षांनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन मिळते. २५ व्या वर्षी प्रवेश घेतल्यास महिना ८० रुपये, २९ व्या वर्षी १०० आणि ४० व्या वर्षी २०० रुपये भरावे लागतात, आणि तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते. उत्पन्न त्याहून अधिक असेल, तर अटल पेन्शन योजना आहे. तिच्यातही प्रवेशाचे वय १८ ते ४० असून पेन्शन १,००० ते ५,००० रुपयांची निवडता येते. ५,००० च्या पेन्शनसाठी २५ व्या वर्षी महिना ३७६, तिसाव्या वर्षी ५७७ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये लागतात, यावरून उशीर किती महाग पडतो ते दिसते. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना अटल पेन्शनमध्ये नवा प्रवेश नाही. ज्यांना कर द्यावा लागतो त्यांच्यासाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली खुली आहे. तिचा ‘प्राण’ हा कायमचा खाते क्रमांक शहर, काम आणि बँक बदलली तरी आयुष्यभर एकच राहतो.

कमाई चढउताराची असलेल्या फ्रीलान्सरला मी पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातेही सुचवतो. वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी खाते चालू राहते, कमाल मर्यादा दीड लाखाची आहे, आणि कर्जवसुलीसाठी न्यायालयाच्या आदेशानेही त्यावर जप्ती येत नाही.

या सगळ्याच्या आधी मात्र एक महिन्याचा घरखर्च वेगळ्या खात्यात असावा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांची कमाई त्याच दिवशी थांबली. हाताशी पैसे नसतील, तर अशा वेळी पहिला बळी पेन्शनच्या हप्त्याचाच जातो.

सातवे पाऊल : थेट ग्राहकांचे काम करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी करावी

फ्रीलान्सरचे सर्वांत मोठे दुखणे थकलेले बिल हे असते. त्यावर एक कायदेशीर उपाय आहे आणि तो फारच थोडे वापरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, पूर्णपणे विनामूल्य असून ती आधार आणि पॅनच्या आधारे घरबसल्या होते. डिझाइन, अनुवाद, लेखाकर्म, प्रोग्रामिंग अशा सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचे बिल, लेखी करारात काहीही मुदत घातली असली तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने ग्राहकावर घातले आहे. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते, आणि तक्रार थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन नेता येते.

यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. नोंदणी काम सुरू करण्याच्या आधीची हवी. बिल थकल्यावर केलेली नोंदणी मागच्या कामाला उपयोगी पडत नाही. आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असावा. माझा अनुभव असा आहे की, बहुतेक वेळा परिषदेपर्यंत जावेच लागत नाही. बिलावर क्रमांक आणि स्मरणपत्रात कायद्याचे नाव दिसले की हिशेबनीस ते बिल गठ्ठ्यातून वर काढतो.

शेवटचे पाऊल : वारसनोंद आणि फाइल

बँक खाते, दोन्ही विमे, पेन्शन, पीएफ आणि पीपीएफ या प्रत्येक ठिकाणी वारसाचे नाव स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. एका ठिकाणी नोंदवले म्हणून ते दुसरीकडे आपोआप जात नाही. लग्नापूर्वी आईचे नाव घातले असेल तर ते बदलायचे की नाही, याचा निर्णय लग्नानंतर लगेच घ्यावा. सर्व कार्डांच्या आणि पॉलिसींच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये घालून, पहिल्या पानावर क्रमांक, बँकेची शाखा आणि हप्त्याचा महिना लिहावा, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातील दोन माणसांना दाखवून ठेवावे. अपघात झाल्यास पोलीस ठाण्यातील नोंद, रुग्णालयाची कागदपत्रे आणि, दुर्दैवाने मृत्यू झाल्यास, शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती लगेच घ्याव्या लागतात, आणि सुरक्षा विमा योजनेचा दावा शक्यतो ३० दिवसांच्या आत, जिथून हप्ता जातो त्याच बँक शाखेत दाखल करायचा असतो. म्हणून त्या शाखेचे नाव पहिल्या पानावर सर्वांत वर लिहावे.